जुन्या बोटीच्या केबिनमध्ये लाकडी फळ्या आणि पट्ट्या कशा बसवाव्यात

जुन्या लाकडी लाँचच्या केबिनचं काम घरातलं फर्निचर करणाऱ्या सुताराला दिलं, की तो आधी पाणसळ आणि गुण्या काढतो. ही दोन्ही हत्यारं बाजूला ठेवायला सांगा. किनाऱ्यावर टेकू देऊन उभी केलेली बोट क्वचितच सपाट असते आणि तिच्या अंगात काटकोन शोधून सापडत नाही. केबिनच्या मूळ चौकटीवर एक आडवी रेषा पक्की करा आणि सगळी मापं तिथून घ्या.

कुजलेलं लाकूड निघालं आहे, फासळ्या ठणठणीत आहेत आणि आतून रंग झाला आहे, असं धरून चालू.

लाकूड सागवानच घ्या: फळीला 18 मिमी, बाजूच्या अस्तराच्या पट्ट्यांना 12 मिमी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हे काम नेमकं पावसाळ्यात निघतं. तेव्हा लाकूड दमट हवेने फुगलेलं असतं. जुलैत घट्ट बसवलेल्या 100 मिमी रुंद पट्ट्यांमध्ये जानेवारीत सुमारे मिलिमीटरभर फट दिसते. दिसू द्या. अस्तराच्या पट्ट्यांमध्ये तसंही 8 ते 10 मिमी अंतर ठेवायचं असतं. ‘फिनिशिंग’च्या हौसेने सलग अस्तर करणारे लोक मागच्या फासळ्यांची हवा बंद करतात, आणि कूज तिथूनच लागते.

खरी परीक्षा आडव्या फळीची. तिची एक कड बोटीच्या बाकदार बाजूला लागून बसवायची असते. परकार धरून बाजूची रेघ फळीवर उतरवा, असं सगळे सांगतात. फट बोटभर असेल तर ठीक. त्याहून मोठी असली की परकार हातात कलतो आणि रेघ चुकते. त्यापेक्षा दातेरी पट्टी करा: 6 मिमी प्लायची, 400 मिमी लांब, एक टोक अणकुचीदार, एका कडेला कमीजास्त अंतरावर चार-पाच खाचा.

आता साच्यासाठी 18 मिमीचाच टाकाऊ प्लाय घ्या. बाजूपासून 20 ते 30 मिमी आखूड कापून फळीच्या जागी हलू नये असा बसवा. पातळ प्लाय स्वस्त पडतो म्हणून वापरू नका. बोटीची बाजू वर जाताना बाहेर पसरते. ती उभ्यापासून 30 अंश कललेली असेल, तर 18 मिमी जाडीच्या फळीचं वरचं अंग खालच्यापेक्षा 10 मिमी लांब लागतं. पातळ साच्यावर खालच्या उंचीचं माप येतं आणि महागाची फळी वरून आखूड पडते.

दातेरी पट्टी साच्यावर सपाट ठेवा, टोक बाजूला टेकवा आणि खाचांसकट कड पेन्सिलीने आखून क्रमांक घाला. दर 50 मिमीवर असं करा, नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, बाक वाढतो तिथे दर 25 मिमीवर. दर 150 मिमीवर सरकत्या गुण्याने बाजूचा कल घ्या आणि अंश तिथेच लिहा. मग साचा फळीवर ठेवून पक्का करा, पट्टी एकेका आखणीवर परत जुळवा आणि टोकाशी खूण करा. खुणा लवचीक पट्टीने जोडा. एखादी खूण रांगेबाहेर असेल तर ती परत मोजा, अंदाजाने ओढून घेऊ नका.

रेघेच्या 2 मिमी बाहेरून सरळ कापा, मग लिहिलेल्या अंशांप्रमाणे खालची कड रंध्याने उतरवा. बाजूवर खडू घासून फळी टेकवली की खडू लागेल तिथे अजून लाकूड काढायचं आहे. शेवटी सगळीकडे 2 ते 3 मिमी फट ठेवा. बोट पाण्यात गेल्यावर तिचा आकार थोडा बदलतो. फट नसेल तर फळी करकरते. फट झाकायला पाव-गोल पट्टी लावा, पण ती फळीला ठोका, बोटीच्या बाजूला नव्हे.

बसवण्याआधी मागच्या अंगाला आणि कापलेल्या टोकांना व्हार्निशचे तीन हात द्या, पहिला पातळ करून. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

स्क्रू 316 स्टेनलेसचे घ्या. लोखंडी स्क्रूने सागवानावर काळे डाग पडतात. 8 नंबरच्या स्क्रूला 3 मिमी भोक, वर स्क्रूचं डोकं झाकायला 10 मिमी लाकडी बूच. बुचाची रेषा फळीच्या रेषेशी जुळवा आणि ते व्हार्निश लावूनच बसवा. इपॉक्सीने चिकटवलेलं बूच पुढच्या दुरुस्तीत फोडूनच काढावं लागतं. वाळल्यावर बुचाच्या वर आलेल्या भागातला वरचा अर्धा पटाशीने आधी उडवा, लाकूड कुठल्या दिशेने फाटतं ते कळेल; उरलेला भाग उलट्या दिशेने तासा.