मार्लिन की स्वोर्डफिश, कसं ओळखायचं?

समुद्रातल्या या दोन्ही मोठ्या माशांना पुढे लांब चोच असते म्हणून लोक कुठल्याही फोटोला सरसकट स्वोर्डफिश म्हणून मोकळे होतात, पण नीट बघितलं की फरक लगेच कळतो.

आधी पाठीवरचा पर बघा. मार्लिनचा डोक्यामागून सुरू होऊन पार मागपर्यंत जातो आणि खाली दुमडतो पण, स्वोर्डफिशचा आखूड, उंच, ताठ, तो मिटतच नाही. मग चोच, स्वोर्डफिशची तलवारीच्या पात्यासारखी चपटी, मार्लिनची गोल. अजून डाउट असेल तर पोटाखाली बघा, मार्लिनला तिथे दोन बारीक लांब पर असतात, मोठ्या स्वोर्डफिशला ते नाहीत, खवले नाहीत आणि दातही नाहीत!

मला विचाराल तर खरी कमाल स्वोर्डफिशच्या डोळ्यांची आहे. डोळ्याच्या एका स्नायूचाच हीटर झालेला असतो, तो डोळे आणि मेंदू गरम ठेवतो, त्यामुळे दिवसा ५०० मीटरहून खोल, गार काळोखात पण त्याला स्क्विड पटकन दिसतात, रात्री तो वर येतो. मार्लिन जास्त करून वरच्या उबदार पाण्यातच. निळ्या मार्लिनची मादी ६०० किलोच्या वर जाते, नर बराच लहान.

खायला स्वोर्डफिश जास्त चालतो, मांस घट्ट असतं म्हणून जाड काप ग्रिलवर तुटत नाहीत. मार्लिन हौशी गळवाल्यांचा लाडका, बरेच जण पकडून सोडून देतात आणि तेच बरं. दोघांतही पारा भरपूर असतो, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना अजिबात देऊ नका.