राउझ आणि अराउझ कुठे कसं वापरायचं

झोपेतून उठवायला वेक अप सगळ्यांनाच येतं, घोळ होतो तो इंग्रजीतले राउझ (rouse) आणि अराउझ (arouse) लिहायची वेळ आली की. आधी उच्चार पक्का करा, ब्राउझमधला ब काढला की झालं राउझ. रोझ नाही आणि रूज तर नाहीच.

आता क्रियापदाच्या पुढे काय येतंय ते बघायचं, माणूस असेल तर राउझ आणि भावना असेल तर शक्यतो अराउझ. म्हणजे गाढ झोपलेल्या भावाला गदागदा हलवून उठवलं तर राउझ, पण त्याच्या वागण्याचा संशय आला तर अराउझ्ड सस्पिशन. कुतूहल, सहानुभूती यांनाही अराउझच. आणि एक खरंच लक्षात ठेवा, माणसाबद्दल नुसतं अराउझ्ड लिहिलं की वाचणारा बहुतेक वेळा लैंगिक अर्थच घेतो, त्यामुळे ऑफिसच्या मेलमध्ये कुणी कुणाला उठवलं हे सांगायचं असेल तर सरळ वोक अप लिहा, उगाच भारी शब्द शोधू नका.

डॉक्टरी कागदांवर मात्र अर्थ वेगळा. स्लीप स्टडीच्या रिपोर्टवर अराउझल इंडेक्स असतो, म्हणजे झोपेत मेंदू तासाला किती वेळा थोडासा जागा झाला तो आकडा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या डिस्चार्ज पेपरवर डिफिकल्ट टू राउझ दिसलं तर तो भाग दोनदा वाचा. हाका मारून, हलवूनसुद्धा माणूस नीट जागा होत नाही असा त्याचा अर्थ, आणि तसं झालं तर दमलाय बिचारा, झोपू दे असं म्हणत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

बाकीचे अर्थ कळायला शिकार डोळ्यासमोर आणा. हा शब्द मुळात शिकारीतला, ससाणा पिसं फुलवून अंग झटकतो त्याला ससाणे पाळणारे आजही राउझच म्हणतात, आणि झुडपात दडलेलं जनावर हुसकून बाहेर काढणं म्हणजेही राउझ. झोपेतून उठवणं हा अर्थ नंतरचा. आपल्याकडे हाकारे घालून रान उठवायचे आणि आता पेपरात विरोधक रान उठवतात, अगदी तीच वाट इंग्रजीनेही धरली. म्हणून राउझिंग स्पीच म्हणजे सभा पेटवणारं भाषण, ही स्तुती, पण रॅबल राउझर म्हणजे जमावाला भडकवणारा, ही शिवीच समजा, पुढाऱ्याचं कौतुक करताना चुकून वापराल. नुसतं राउझर असेल तर चांगलं, आपली पुण्याच्या बजाजची पल्सर अर्जेंटिनात राउझर याच नावाने विकतात.

बिअर बनवणारे टाकीत खाली बसलेलं यीस्ट ढवळून वर आणतात तेही राउझिंग.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींसाठी अजून एक, तिथे पोरगं शाळेतून येऊन टीचर राउस्ड ऑन मी म्हणालं तर टीचर त्याला ओरडल्यात एवढंच, कुणी कुणाला उठवलेलं नाही, आणि तिथे उच्चारही शेवटी स असलेला, हाउससारखा.