साडेपाच तासांचा घोळ

पावसाळ्यात म्हापशाच्या माझ्या दुकानात ठरलेली तक्रार: वीज गेली की कॉम्प्युटरची तारीख मागे जाते, बँकेची साइट उघडत नाही. मदरबोर्डवरचा, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल बदला, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ भरा. झालं.

वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकते आणि विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही आहे? मग सेलला हात लावू नका. विंडोज हार्डवेअर घड्याळात (मदरबोर्डवरच्या घड्याळात) स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे. मी विंडोजलाच वाकवतो: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ‘टाइमझोनइन्फर्मेशन’खाली ‘रियलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही डीवर्ड (आकडी) नोंद, किंमत १. आधी बॅकअप घ्या, बाबांनो!

दुबईहून आलेला लॅपटॉप दीड तास मागे असेल तर काटे ओढत बसू नका, टाइम झोन बदला. यादीत पणजी नाही. विंडोजमध्ये ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ निवडा, लिनक्समध्ये ‘आशिया/कोलकाता’.