ऑनलाइन रे-बॅन घेताना आधी विकणारा बघा, मग गॉगल

‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन ए क्वालिटी’ या सगळ्याचा अर्थ एकच, नकली. असं लिहिणारा निदान खरं तरी बोलतो. गंडवतो तो ‘१०० टक्के ओरिजिनल, स्टॉक क्लिअरन्स, ८० टक्के सूट’ म्हणणारा.

मोठ्या शॉपिंग ॲपवर माल बहुतेक वेळा ॲपवाले स्वतः विकत नाहीत. एकाच मॉडेलच्या पानावर पाच विक्रेते असू शकतात, म्हणून ‘सोल्ड बाय’ पुढचं नाव दाबून बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि माल कुठल्या देशात बनला हे दाखवावंच लागतं. ते सापडत नसेल तर पुढे जाऊच नका. कंपनीची स्वतःची साइट किंवा अधिकृत चष्मेवाल्यांची साखळी, हा सरळ रस्ता.

आता कोड. नेहमीच्या एव्हिएटरच्या, म्हणजे पायलट घालतात तशा थेंबासारख्या काचांच्या गॉगलच्या, काडीवर आतून आरबी ३०२५, एल०२०५, ५८-१४ आणि १३५ असं सापडेल. आरबी ३०२५ हे मॉडेल. एल०२०५ म्हणजे सोनेरी फ्रेम आणि जी-१५ नावाची हिरवी काच. ५८ ही एका काचेची रुंदी, १४ नाकावरच्या पुलाची आणि १३५ काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. काडी, खोक्यावरचं स्टिकर आणि बिल तिन्हीकडे कोड जुळायला हवा. कोड छापणं सोपं असतं, तेव्हा पट्टी लावून ५८ मोजाच.

पार्सल फोडताना लेबलपासून अखंड व्हिडिओ काढा. मध्ये थांबवलात तर परतीच्या वादात त्याची किंमत शून्य. घातल्यावर डावीकडे येणाऱ्या काचेवर, बिजागरीजवळ, बारीक ‘आरबी’ कोरलेलं असतं. उजेडात तिरकं धरा आणि नख फिरवा. नखाला लागलं पाहिजे. नुसतं पांढरं छापलेलं असेल तर संशय घ्या. जी-१५ एव्हिएटरची काच खरी काचच असते, हाताला गार लागते, प्लास्टिकसारखी हलकी नाही. उजव्या काचेवरच्या लोगोपुढे ‘पी’ असेल तर गॉगल पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणारा. लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर त्यातून बघत तो हळूहळू अर्धा गोल फिरवा, मध्ये कुठेतरी स्क्रीन काळी पडायला हवी. ‘पी’ नसलेल्यातून स्क्रीन काळी पडली नाही म्हणून तो नकली ठरत नाही, इथेच लोक फसतात.

‘मेड इन चायना’ दिसलं की घाबरू नका. रे-बॅन इटलीत बनतात तसे चीनमध्येही बनतात आणि राजस्थानात भिवाडीलाही. पाउच, पुस्तिका, पुसायचं फडकं यांना तर पुरावा मानूच नका, नकलीबरोबर तेच सगळ्यात देखणं येतं.

काच अतिनील (यूव्ही) किरण अडवते का, हे चष्मेवाल्याकडच्या यूव्ही मीटरवर मिनिटभरात तपासून घ्या. नुसत्या गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि गाळण नसेल तर अतिनील किरण उलट जास्त आत जातात.

नकली निघाला तर टॅग न काढता ॲपमधूनच परतीची नोंद करा. नकली माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. दाद लागली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. विक्रेता व्हॉट्सॲपवर ‘आधी माल कुरिअर करा, मग पैसे देतो’ म्हणाला, तर गॉगल हातातून सोडू नका.