पेसमेकर बसवल्यानंतर या चुका टाळा

पेसमेकर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची गती सांभाळणारे छोटे यंत्र. त्याच्या तपासणीला येणाऱ्या बहुतेक रुग्णांचे यंत्र व्यवस्थित चाललेले असते. बिघडलेला असतो तो खांदा, झोप किंवा धीर. या तपासण्या मी अनेक वर्षे करत आहे आणि त्याच त्या चुकांमुळे चांगल्या माणसांचे हाल होताना पाहून आता त्या सविस्तर लिहाव्यात असे वाटले.

हात अंगाशी जखडून ठेवणे

यंत्र सहसा डाव्या कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत बसवलेले असते आणि त्याच्या लीड, म्हणजे बारीक तारा, शिरेतून हृदयात उतरतात. लीडचे टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत पक्के होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये, जड वजन उचलू नये आणि हाताला हिसका बसू देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. सूचना एवढीच असते, पण घरी पोहोचेपर्यंत तिचे ‘हात हलवायचाच नाही’ असे होऊन बसते.

एक निवृत्त शिक्षक तीन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा त्यांचा हात अजूनही गळ्यातल्या झोळीत होता. शर्टाची बटणे मुलगी लावत होती आणि घास पत्नी भरवत होती, आणि दोघीही हे मनापासून करत होत्या. यंत्र उत्तम चालले होते, लीड जागच्या जागी होत्या, पण झोळी काढल्यावर त्यांना तो हात कमरेमागेही नेता येईना. खांदा पूर्ण आखडला होता आणि तो मोकळा करताना त्यांनी जे सोसले ते पेसमेकरच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अधिक होते.

तेव्हापासून प्रत्येक नव्या रुग्णाला मी माझ्यासमोर शर्टाची बटणे लावायला आणि पाण्याचा पेला तोंडाशी न्यायला सांगते, आणि हे करताना घरच्यांना शेजारी उभे करते. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलले पाहिजेत, आणि खांद्याच्या पातळीखाली हात रोजच्या कामांत सहज वापरला पाहिजे.

याच्या उलट टोकाची घाई करणारेही भेटतात. जखम दुखत नाही म्हणजे आतले सगळे जुळले, असे गृहीत धरून आठवडाभरात कपाटाच्या वरच्या फळीवरची पेटी ओढणाऱ्याची लीड सरकू शकते, आणि मग तीच जागा पुन्हा उघडावी लागते. उतावळेपणाला मी धडाडी म्हणत नाही.

सतत नाडी मोजणे

रात्री बोटाला ऑक्सिमीटर लावून नाडीचा आकडा पाहत बसण्याची सवय मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. एका बाईंच्या यंत्रात किमान वेग, म्हणजे ज्याखाली यंत्र हृदयाचे ठोके जाऊ देत नाही तो आकडा, मिनिटाला 60 ठेवलेला होता आणि एका रात्री ऑक्सिमीटरने 44 दाखवले. यंत्र बंद पडले अशी खात्री होऊन घर जागे झाले, सगळे तातडीच्या विभागात पोहोचले आणि ईसीजीमध्ये वेग 60 च्या वरच निघाला. त्यांच्या हृदयात अधूनमधून अवेळी, जास्तीचे ठोके पडत होते. अशा ठोक्याने रक्त इतके कमी ढकलले जाते की त्याची लाट बोटापर्यंत पोहोचत नाही आणि ऑक्सिमीटर तो ठोका मोजतच नाही. काही यंत्रांत झोपेच्या वेळचा किमान वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळेही पहाटेचा आकडा घाबरवतो.

आपल्या यंत्राचा दिवसाचा आणि रात्रीचा किमान वेग विचारून लिहून ठेवा, ऑक्सिमीटर उशाशी ठेवू नका, आणि नाडी पाहायचीच असेल तर दिवसातून एकदा, शांत बसून, पूर्ण मिनिटभर पाहा. मात्र चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणे, दम लागणे किंवा न थांबणारी उचकी असेल, तर आकडा कितीही चांगला दिसो, लगेच डॉक्टरांकडे जा.

‘आता बरा झालास’ म्हणून मनाकडे दुर्लक्ष करणे

अनेकांना पेसमेकर अचानक बसवावा लागतो आणि विचार करायला उसंत मिळत नाही, त्यामुळे भीती, रडू, चिडचिड हे सगळे घरी आल्यावर वर येते. घरच्यांना ती कृतघ्नता वाटते, ती तशी मुळीच नसते. झोप न लागणे आणि कशातच रस न वाटणे काही आठवडे टिकले, तर ते जखमेतल्या पाण्याइतक्याच स्पष्टपणे डॉक्टरांना सांगावे. ‘आता किती वर्षे?’ असे दबक्या आवाजात विचारणाऱ्यांना मी स्वीडनच्या आर्ने लार्सन यांच्याबद्दल सांगते. 1958 साली शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर त्यांना मिळाला, तो काही तासच चालला, पुढे त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली, आणि ते 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुका

मोबाइल यंत्राच्या बाजूच्या खिशात ठेवणे चूक आहे; तो यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर दूर असावा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. इंडक्शन शेगडीपासून सुमारे 60 सेंटिमीटर अंतर राखावे, पण सुस्थितीतल्या मायक्रोवेव्हला घाबरण्याचे कारण नाही. कातडीखालचे यंत्र बोटांनी चाचपत, फिरवत राहू नका, कारण ते आत खरोखर फिरते आणि लीड गुंडाळली जाऊन ओढली जाते. जखमेवर लाली, सूज किंवा स्राव दिसला तर मलम लावून वाट पाहू नका आणि उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका. पेसमेकर ठोक्यांची गती सांभाळतो, रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांतले अडथळे नाही, त्यामुळे गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

बरे वाटते म्हणून तपासणी चुकवणे हेही नेहमीचेच. बॅटरी क्षीण होत असल्याचे तपासणीत बऱ्याच आधी कळते, त्यामुळे यंत्र बदलण्याचा दिवस निवांत ठरवता येतो आणि चांगल्या असलेल्या लीड सहसा तशाच राहतात. येताना यंत्राचे ओळखपत्र आणा. एमआरआय करता येईल की नाही हे ठरवायला यंत्राचे आणि लीडचे मॉडेल लागते, आणि ते त्याच पत्रावर लिहिलेले असते.