पोतं घरात असताना साखर कमी करायची ती अशी

आमच्या निपाणी भागात साखर दुकानातून थोडीच आणतात? ऊस कारखान्याला जातो आणि सभासद म्हणून सवलतीच्या दरातली साखर घरी येते. पोतं कोपऱ्यात उभं असलं की हात मोजत नाही. चहाला, शिऱ्याला, पोह्यांना, अगदी उप्पिटालासुद्धा 'चवीपुरती' म्हणून चमचा उलटा व्हायचाच.

दोन वर्षांपूर्वी मामांची, म्हणजे सासऱ्यांची, रक्ततपासणीतली तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ६.३ आली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर उभे आहात. त्याच दिवशी मी ठरवलं की उद्यापासून बिनसाखरेचा चहा. सोमवारी केलासुद्धा. मामांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, टोपी घातली आणि स्टँडवर जाऊन दोन चमच्यांचा चहा पिऊन आले. चार दिवस तेच चाललं. तेव्हा माझी पहिली सूचना हीच, की एका दिवसात काही बंद करू नका.

आधी मोजा. एक रिकामा डबा घ्या, तो साखरेनं भरून वजन करा आणि आठवडाभर सकाळची सगळी साखर त्यातूनच काढा. रविवारी पुन्हा वजन करा. आम्ही घरात पाच माणसं, आणि सकाळच्या सकाळी दीड किलो संपली होती. म्हणजे माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत असेल तर आणखी बरं. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम, तेही दिवसभराचे. आम्ही ते दात घासून तासाभरात ओलांडत होतो.

चमचाही तपासा. पुस्तकातला चमचा चार-पाच ग्रॅमचा असतो. आमच्या घरातला चमचा शीग लावून भरला तर आठ ग्रॅमचा निघाला. 'मी दीडच चमचा घेते' म्हणणारी मी एका कपात बारा ग्रॅम पीत होते.

आता चहा. आमच्याकडे साखर चहात उकळतात, त्यामुळे सगळ्यांची गोडी एकच, आणि ती घरातल्या सगळ्यात गोडघाशा माणसाची. मी चहा बिनसाखरेचा उकळून घेऊ लागले आणि साखर कपात, प्रत्येकाच्या हातानं. डब्यात लहान चमचा ठेवला. दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी. जीभ हळूहळू वळते, पण घाई केली की रुसते. आलं किंवा गवती चहा घातला की कमतरता लपते. वेलदोडा घातला तर चहा आहे त्याहून गोड लागतो. मामा पाच महिन्यांनी अर्ध्या चमच्यावर आले आणि तिथंच थांबले. मीही थांबले.

एक मात्र विसरू नका. घरात कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर डॉक्टरांना विचारूनच बदल करा. औषध तेवढंच आणि खाणं एकदम बदललं तर साखर फार खाली येऊ शकते.

खरी मेख चहात नाही, चहाबरोबर काय खाता त्यात आहे. बटर, खारी, टोस्ट, बिस्किटं, सगळा मैदा, आणि बहुतेकांत साखर. दहा वाजता पोटात कावळे ओरडतात आणि पुन्हा चहा ठेवला जातो. डाळ, दाणे, दही, ज्वारी असं काही पोटात गेलं तर ते सावकाश पचतं आणि दुसरा चहा आपोआप गळतो. म्हणून आमच्याकडे आता न्याहारी आधी, चहा मागून.

सगळ्यात चालली ती फोडणीची भाकरी. रात्रीच्या जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या कुस्करून ताकाचा हबका मारायचा आणि दहा मिनिटं झाकून ठेवायच्या. तेलात मोहरी, जिरं, कडीपत्ता, मूठभर शेंगदाणे, कांदा आणि मिरची. कांदा पुरता तांबूस होऊ द्या, गोडवा तोच देतो. हळद, मीठ, भाकरी, मग एक वाफ. वर कोथिंबीर, बाजूला घट्ट दही. पोह्यांत आणि उप्पिटात साखरेऐवजी असाच तांबूस कांदा आणि लिंबू वापरून पाहा. मी साखर काढली ते तीन आठवडे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हुलग्याचं माडगं आमच्याकडे गूळ घालून करायची रीत आहे. मी ते ताक, लसूण आणि जिऱ्यावर नेलं. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, नाक मुरडलं, 'हे माडगं नव्हे, कढण झालं.' पण थंडीत वाटी पुढं करतात.

गुळाचा विषय निघालाच आहे तर सांगते, गूळ म्हणजेही साखरच. गुऱ्हाळावरचा असो, काकवी असो, मोजायच्या डब्यात तोही धरा. त्यात थोडी खनिजं असतात हे खरं, पण ती मिळवायला कुणी पाव किलो गूळ खाऊ नये. हे इथं बोललं की लोक माझ्याकडं धर्म बुडवल्यासारखं बघतात.

मुलांच्या दुधातल्या पावडरीचा डबा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात; साखर पहिल्या दोन-तीनांत असेल तर ती गोड पावडर आहे, ताकदीची नव्हे. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप हीही साखरेचीच भावंडं. माझ्या धाकट्याला सुरुवातीला निम्मी पावडर आणि निम्मं भाजलेलं नाचणीचं पीठ शिजवून दिलं, नंतर नुसती नाचणी आणि कुस्करलेलं केळ. दुधाची स्वतःची गोडी असते, ती यात धरायची नाही.

शिरा सोडलेला नाही. एक वाटी रव्याला पाऊण वाटी साखर पडायची, चौघांत वाटली तरी ताटात पस्तीसेक ग्रॅम. आता पाव वाटी, वर केळ, आणि फक्त रविवारी.

बाहेर अवघड जातं. पाहुण्यांकडे 'साखर कमी' म्हटलं की पहिला प्रश्न, 'शुगर हाय काय?' चिकोडीकडच्या हॉटेलात मात्र कानडीत 'सक्री कम्मी हाक्री', म्हणजे साखर कमी घाला, म्हटलं की पोऱ्या मुकाट्यानं घालतो कमी, चौकशी करत नाही.

डब्याचं परवाचं वजन, आठवड्याला चारशे ग्रॅम. त्यातले निम्मे आमच्या ह्यांचे. ते पहाटे पाणी पाजायला मळ्यात जातात, आणि त्यांचा थर्मास मी अजून पहिल्यासारखाच गोड भरते.