पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही: माझा अनुभव

नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे भाग आणून नवा डेस्कटॉप जोडला, तेव्हा पंखे फिरत होते, परंतु मॉनिटर काळाच राहिला आणि मदरबोर्डवरील 'सीपीयू' हा लाल दिवा विझत नव्हता. रॅम एकेक करून बदलली, पॉवर सप्लायही मित्राकडचा लावून पाहिला. दोन रात्री अक्षरशः जीव मेटाकुटीला आला.

दोष एकाही भागात नव्हता. माझा प्रोसेसर (सीपीयू) रायझन ५ ५६०० आणि मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा; दोहोंचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, एएम४ असल्याने प्रोसेसर नीट बसतो. पण बी४५० चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) २०१८ चा आणि हा प्रोसेसर २०२२ चा, त्यामुळे जुना बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी बोर्डातली मूळ आज्ञावली, त्याला ओळखत नाही. सॉकेट जुळले म्हणजे सारे जुळले, असे मानू नये.

उपाय या क्रमाने केला. बोर्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरील प्रोसेसर-यादीत किमान बायोस आवृत्ती पाहिली. बोर्डावर छापलेले मॉडेल व रिव्हिजन अक्षरशः जुळवून तीच फाइल उतरवली, अनझिप केली, पुस्तिकेत दिलेले नाव तिला दिले आणि फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर फोल्डरबाहेर ठेवली. संगणक बंद ठेवून २४ पिनी व ८ पिनी वीजजोडण्या तपासल्या, पेनड्राइव्ह मागच्या खुणेच्या पोर्टमध्ये लावला आणि बायोस फ्लॅशबॅकचे, म्हणजे संगणक सुरू न करता पेनड्राइव्हवरून बायोस बदलणारे, बटण दाबले. दिवा लुकलुकणे थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून इन्व्हर्टरची जोडणी घेतली. नंतर सीमॉस क्लिअर करून, म्हणजे बायोसची जतन झालेली सेटिंग्ज पुसून, संगणक सुरू केला, तर बायोसचा पडदा लगेच दिसला.

हे बटण सर्वच बी४५० बोर्डांवर नसते. नसल्यास जुना, चालणारा एएम४ प्रोसेसर तात्पुरता बसवून बायोस अद्ययावत करावा लागतो.